द्राक्षमळ्यातले मजूर आणि मुक्तीचं ईशज्ञान

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक पहाटे बाजारात जातो, दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. मग नऊला जातो, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तास उरला असताना पुन्हा जातो. तेव्हाही काही जण उभेच असतात. रिकामे का उभे, असं विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार पडतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुरायला लागतात.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड तालुक्यांत द्राक्षांच्या कामाला पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या माणसाला या गोष्टीतलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. बाजार, उभं राहणं, ठरवाठरवी, शेवटचा हिशोब, कुरकुर, सगळं ओळखीचं. चर्चमध्ये मात्र याच दाखल्यावर प्रवचन होतं ते देवाच्या कृपेवर: उशिरा पश्चात्ताप केला तरी स्वर्गाचं दार उघडं आहे. प्रवचन चुकीचं नाही. पण त्यातून मजुरी गळते, मालक गळतो, आणि दिवसभर कामाशिवाय उभा राहिलेला माणूस तर पूर्णच गळतो. गरिबांच्या बाजूने देवाधर्माचा विचार करणाऱ्या मुक्तीच्या ईशज्ञानाने, ज्याला जगभर लिबरेशन थिऑलॉजी म्हणतात, नेमकं या गळतीवर बोट ठेवलं.

आपल्याकडे या विषयावर बोलणं झालंच तर ते एका प्रश्नापाशी अडतं: हा ख्रिस्ती विचार आहे की ख्रिस्ती वेशातला मार्क्सवाद? हा वाद लॅटिन अमेरिका आणि रोम यांच्यातला होता आणि तिथे तो लढूनही झाला. नाशिकमध्ये मुक्तीच्या ईशज्ञानाला ज्या जहाल विचाराला तोंड द्यायचं आहे तो आंबेडकरांचा आहे. ते तोंड इथल्या चर्चने आजवर नीट दिलेलं नाही, असं माझं मत आहे.

आधी रोमचा हिशोब मिटवू. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव गुतिएरेज लिमातल्या रिमाक या गरीब भागात काम करत होते. जुलै 1968 मध्ये त्यांनी चिंबोते इथल्या व्याख्यानात या विचाराची मांडणी केली. पुढच्याच महिन्यात कोलंबियातल्या मेडेलीन शहरात लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले आणि त्यांनी आपल्या खंडातल्या दारिद्र्याला ‘संस्थात्मक हिंसा’ म्हटलं. 1971 मध्ये गुतिएरेज यांचं पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा असा की ईशज्ञान हे दुसरं पाऊल. गरिबांच्या बाजूने उभं राहून केलेली कृती हे पहिलं. कृतीवर श्रद्धेच्या उजेडात विचार करायचा, मग पुन्हा कृतीकडे जायचं. 1979 मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे झालेल्या बिशपांच्या परिषदेने ‘गरिबांना प्राधान्य’ ही भूमिका अधिकृत केली.

मार्क्सकडून यांनी घेतलं काय? मुख्यतः दारिद्र्याचं स्पष्टीकरण. गरीब देश हे विकासाच्या शर्यतीत मागे पडलेले गडी नाहीत. श्रीमंतांची श्रीमंती आणि त्यांची गरिबी ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत, हा त्या काळच्या लॅटिन अमेरिकन अर्थतज्ज्ञांचा सिद्धांत. त्याला पेरूच्याच होसे कार्लोस मारियातेगी या मार्क्सवाद्याच्या विचारांची जोड मिळाली. नास्तिकता घेतली नाही, पक्षाची शिस्तही बहुतेकांनी घेतली नाही. कोलंबियाचे धर्मगुरू कामिलो तोरेस बंदूक घेऊन गनिमांत गेले आणि फेब्रुवारी 1966 मध्ये पहिल्याच चकमकीत मारले गेले. त्यांचं नाव नेहमी पुढे केलं जातं, पण ते मेडेलीनच्या अडीच वर्षं आधीचे. या विचाराचा नमुना म्हणून त्यांना दाखवणं सोयीचं असेल, प्रामाणिक नाही.

व्हॅटिकनने या विचारावर बंदी घातली, हाही पसरलेला गैरसमज. 6 ऑगस्ट 1984 रोजी धर्मसिद्धांतावर लक्ष ठेवणाऱ्या कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या कार्यालयाने सूचनापत्र काढलं. वर्गसंघर्ष हा इतिहासाचा अटळ नियम मानू नका आणि तारणाला निव्वळ राजकारणाच्या मापाने मोजू नका, असा त्याचा रोख होता. 1985 मध्ये ब्राझीलचे याच विचाराचे धर्मगुरू लिओनार्दो बोफ यांना गप्प बसायला सांगितलं गेलं. पण मार्च 1986च्या दुसऱ्या सूचनापत्राचा सूर निवळलेला होता आणि एप्रिलमध्ये तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी ब्राझीलच्या बिशपांना लिहिलं की मुक्तीचं ईशज्ञान हे उपयुक्त आणि आवश्यकही आहे. एल साल्वादोरमध्ये 24 मार्च 1980 रोजी वेदीपाशी गोळी घालून मारलेले आर्चबिशप रोमेरो 2018 मध्ये संत झाले. तेव्हा ‘हे आपल्याला चालत नाही’ असं म्हणणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूला रोमची सबब उरलेली नाही.

आता नाशिक. गोदावरीच्या एका काठाला शरणपूर, दुसऱ्या काठाला पंचवटी. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये शरणपूर वसवलं. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जात, त्यांना अक्षरओळख आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथले विद्यार्थी होते. त्यांतला जेकब वेनराइट एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही हजर होता. या इतिहासाचा शहराला अभिमान असायला हरकत नाही. मात्र त्यातली एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. गुलामगिरीच्या बाबतीत मिशन फक्त आसरा देऊन थांबलं नाही. सोडवलेल्या मुलाला शिकवणं एकीकडे, आणि गुलामांचा व्यापारच बंद करा म्हणून लंडनमध्ये सरकारमागे लकडा लावणं दुसरीकडे, अशी दोन्ही कामं सोसायटीने केली. 1873 मध्ये बार्टल फ्रिअर ब्रिटिश सरकारचे दूत म्हणून झांझिबारच्या सुलतानाकडे गेले आणि त्याच वर्षी तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. म्हणजे व्यवस्थाच पापी असू शकते आणि ती राजकीय दबावाने मोडावी लागते, हे मिशनला मेडेलीनच्या शंभर वर्षं आधी कळलेलं होतं. समुद्रापलीकडच्या व्यवस्थेबद्दल.

जातीच्या बाबतीत मात्र काम आसऱ्यावर थांबलं. शाळा, दवाखाना, वसतिगृह, कंपाउंडातली नोकरी. अहमदनगर, औरंगाबाद, नाशिकच्या खेड्यांत महार-मांग कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली, शिकली, आणि शिक्षक-नर्स होऊन गावकुसाबाहेर पडली. हे थोडं नाही. पण गावकूस जागेवरच राहिलं.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्याच्या आघाडीवर होते. मार्च 1934 मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना पत्र लिहून या सत्याग्रहाचा हेतू स्पष्ट केला: आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून तो केला नव्हता, त्यांच्यात चेतना यावी आणि स्वतःच्या स्थितीची जाण यावी म्हणून केला होता. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी 1960च्या दशकात प्रौढशिक्षणातून हीच गोष्ट मांडली आणि मुक्तीच्या ईशज्ञानाने ती उचलली: दडपलेला माणूस कृती करता करता आपली परिस्थिती वाचायला शिकतो. नाशिकने तो धडा चार वर्षं रस्त्यावर गिरवलेला होता.

मग 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि सगळे धर्म दारात आले. ख्रिस्ती धर्माबद्दल आंबेडकरांनी जे लिहून ठेवलं ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ते आहे. त्यातला आक्षेप धारदार आहे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला की त्याला शिकवलं जातं, तुझ्या अधोगतीचं कारण तुझं पाप. मग ज्या समाजाने त्याला चिरडलं त्याच्यावर तुटून पडण्याची त्याची ऊर्मीच विझते. तो प्रार्थना करतो, चळवळ करत नाही. हिंदू राहिलेला अस्पृश्य लढतो आणि ख्रिस्ती झालेला गप्प बसतो, हे त्यांचं निरीक्षण होतं.

हा आक्षेप मेडेलीनच्या ठरावांशेजारी ठेवून पाहा. पाप फक्त माणसाच्या काळजात नसतं, कायद्यात, जमिनीच्या मालकीत, मजुरीच्या दरातही साठतं, ही मुक्तीच्या ईशज्ञानाची मुख्य भर. आंबेडकरांनी चर्चमध्ये जे नाही म्हणून दाखवलं, तेच लॅटिन अमेरिकेच्या चर्चने नंतर स्वतःत घालण्याचा प्रयत्न केला. तेव्हा या विचाराची आपल्या मातीतली मुळं शोधायला पेरूपर्यंत जायची गरज नाही. एप्रिल 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मांडणी केली आणि त्यातून दलित ईशज्ञान उभं राहिलं. निर्मल मराठी ख्रिस्ती. त्यांची तक्रार दुहेरी होती. भारतीय ख्रिस्ती विचार हा उच्चवर्णीय धर्मांतरितांनी वेदान्ताच्या चौकटीत बसवलेला. आणि लॅटिन अमेरिकेहून आलेला विचार वर्ग बघतो, जात बघत नाही. दोन्ही तक्रारी आजही तशाच लागू आहेत. मराठी ख्रिस्ती मंडळी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे येशूवरचे अभंग प्रेमाने गातात, गावेतच. पण अभंगाच्या चालीने येशू मराठी झाला, तरी गावकुसाबाहेरचा झाला असं म्हणता येत नाही.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? मुक्तीचं ईशज्ञान पुस्तकातून कमी आणि बैठकीतून जास्त पसरलं. पंधरा-वीस माणसं, आठवड्यातून एकदा, कुणाच्या तरी ओट्यावर. पद्धत तीन पावलांची: पाहा, पारखा, करा. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी ती कारखान्यातल्या तरुण कामगारांसाठी बसवली आणि 1961 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी तिला परिपत्रकात स्थान दिलं. लहान ख्रिस्ती समूहांत आपल्याकडे बहुधा दक्षिण आफ्रिकेच्या लुम्को संस्थेची सात टप्प्यांची पद्धत चालते: देवाला बोलावणं, वाचन, शब्दांवर रेंगाळणं, मौन, अनुभव सांगणं, करायचं काम ठरवणं, प्रार्थना. पद्धत चांगली आहे, पण तिची सुरुवात वचनापासून होते, परिस्थितीपासून नव्हे. त्यामुळे सहाव्या टप्प्याला, म्हणजे काम ठरवायच्या वेळी, हाताशी काही माहितीच नसते. मग ठरतं काय? आजाऱ्याला भेटू, सणाला वेदी सजवू.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर बैठक घ्यायची तर बायबल पहिला तासभर मिटलेलं असावं. आधी माहिती. छाटणीचा, विरळणीचा एकरी उक्ता दर काय ठरला, तो कुणी ठरवला, टोळीत किती जोडपी, एका एकराला किती दिवस जातात? दराला माणसं आणि दिवस यांनी भागलं की एकाची दिवसाची मजुरी निघते, आणि ती किमान वेतनाच्या वर आहे की खाली हे तिथल्या तिथे कळतं. उक्त्या कामात हाच भागाकार कधी केला जात नाही. उचल किती घेतली, ती कशी वळती झाली, पावसाने चार दिवस बुडाले ते कुणाच्या अंगावर पडले? ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, तेव्हा हातमोजे मिळाले का? हे रसायन कातडी भाजतं आणि ते हाताळण्याच्या आधी किंवा नंतर दारू प्यायली तर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो. टोळीतल्या किती जणांना हे कुणी सांगितलंय? प्यायला पाणी कुठलं, बायका आडोशाला कुठे जातात? हे सगळं एका वहीत, एकाच्या अक्षरात लिहायचं.

मग दाखला वाचायचा, आणि इथे दोन अर्थांची टक्कर होऊ द्यायची. एक अर्थ असा की मालक उदार आहे: ज्याला तासभरच काम मिळालं त्याच्याही चुलीला दिवसाचंच पीठ लागतं, म्हणून त्याने सगळ्यांना पोटापुरतं दिलं. दुसरा अर्थ मजूरच काढतील: ‘माझ्या मालकीच्या गोष्टीचं मी हवं ते करीन’ हे वाक्य कुणाच्या तोंडी शोभतं? बाजारात पाच वाजेपर्यंत माणसं उभी राहतात ती कुणाच्या सोयीची? पहाटेच्यांना शेवटी पैसे देऊन, सगळ्यांसमोर, भांडण कुणी लावलं? धर्मगुरूला दुसरा अर्थ खुपेल. त्याने गप्प राहावं. अशा बैठका मरतात त्या बहुतेक वेळा इथेच. तो पहिला बोलला की बाकीचे माना डोलावतात.

शेवटचं पाऊल लहान आणि तपासता येण्याजोगं हवं. ‘मजुरांना न्याय मिळवून देऊ’ हा ठराव नव्हे, ती घोषणा. ‘या हंगामात आपली टोळी उचल आणि एकर दोन्ही बाजूंच्या सहीने वहीत लिहिल्याशिवाय कामाला लागणार नाही’ हा ठराव. पुढच्या बैठकीचा पहिला प्रश्न, झालं का? नसेल तर का नाही?

बिघडतं कुठे, तेही उघड आहे. चर्चच्या मंडळीत मजुरांसोबत बागाईतदार किंवा त्याचा भाऊही असला, की विषय हळूच घोंगडीवाटपाकडे वळतो. संस्थेचा प्रकल्प आला की वहीची जागा अहवाल घेतो, आणि निधी संपला की वही बंद. एखादा पक्ष हात पुढे करतो आणि दोन वर्षांत टोळीचा मुकादम त्याचा कार्यकर्ता होतो. आदिवासी तालुक्यांत चर्चने काहीही केलं तरी धर्मांतराचा आरोप तयार असतो. त्यावर उपाय एकच दिसतो: बैठक सगळ्यांना खुली, प्रार्थनेला बसण्याची अट नाही, मदतीची यादी वेगळी आणि उघडी. तरीही धोका राहतोच. झारखंडमध्ये आदिवासी कच्च्या कैद्यांचा प्रश्न मांडणारे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84व्या वर्षी, जामिनाची वाट पाहत मुंबईच्या रुग्णालयात कोठडीतच वारले.

एक बिघाड खास आपला आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात मोडतात. आदिवासींना धर्माची अट नाही, म्हणून सुरगाण्यात ही अडचण येत नाही. पण दलित वस्तीत येते. जातीच्या दाखल्यावर एक धर्म, रविवारी दुसरा, असं जगावं लागणारा माणूस चारचौघांत ‘मी कोण आणि माझ्यावर काय गुदरतं’ हे बोलेल कसं? ‘पाहा’ हे पहिलंच पाऊल तिथे अडखळतं. त्याला दुटप्पी म्हणणाऱ्या पाळकाने आधी स्वतःच्या मंडळीचे विवाह कुठल्या जातीत जुळतात ते बघावं.

डाव्यांनाही दोन शब्द. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा सुमारे 180 किलोमीटर चालून 12 तारखेला मुंबईत पोचला आणि वनजमिनीच्या दाव्यांना धार आली. दाव्याला पुरावे कुठले जोडायचे, ग्रामसभेचा ठराव कसा घ्यायचा, उपविभागीय समितीने अडवलं तर अपील कुठे करायचं, हे त्यांच्या कार्यकर्त्यांना पाठ असतं. पण घरातलं आजारपण, नवऱ्याची दारू, पोराचं मरण या गोष्टी घेऊन बाई लाल झेंड्याकडे जात नाही. ती भगताकडे जाते किंवा प्रार्थनासभेला. लॅटिन अमेरिकेत मुक्तीच्या ईशज्ञानाचीही हीच फजिती झाली. चर्चने गरिबांना निवडलं आणि गरिबांनी पेंटेकोस्टल मंडळ्यांना, असं तिथे गमतीने म्हणतात. दिवसभर राबून आलेल्याला विश्लेषणाची बैठक जड जाते, गाणं आणि हात ठेवून केलेली प्रार्थना जात नाही. शिवाय सुटलेल्या दारूचे पैसे घरात येतात, तेही अर्थकारणच. त्याकडे अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणाऱ्या क्रांतिकारकाला टोळीतल्या बायकांची भाषा येत नाही, एवढंच सिद्ध होतं.

म्हणून वहीवाल्या बैठकीत किसान सभेचा माणूस हवा, रिपब्लिकन चळवळीतला हवा, आणि गाणं म्हणणारी बाईही हवी. वही मात्र यांच्यापैकी कुणाकडेच नसावी. ती टोळीतल्याच कुणीतरी लिहावी आणि टोळीतच ठेवावी. बैठकीची वेळही चुकते. बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला नाशिकरोडला गर्दी असते आणि सामाजिक प्रश्नांवरचे कार्यक्रम त्याच सुमारास घ्यायचा मोह होतो. तोवर माल तोडणीला आलेला असतो, दर ठरून चार महिने झालेले असतात आणि उचल खर्ची पडलेली असते. उक्त्याची बोलणी ऑक्टोबर छाटणीच्या आधी होतात. पहिली बैठक ऑगस्टच्या शेवटी, भात लावून झाल्यावर, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर व्हायला हवी.